इथला उजेड, तिथला उजेड

आमच्या दवाखान्यात एक खोली मुद्दाम अंधारी ठेवलेली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या, सलाइनचे वाकलेले स्टँड आणि बंद पडलेले पंखे कोंबलेले असत. ते सगळे बाहेर काढून खिडकीला काळा कागद चिकटवला, दाराला जाड पडदा लावला, भिंतीलगत एक लांब बाक टाकला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायचे मशीन बसवले. या खोलीचा कारभार ताईकडे आहे. वस्तीत तिला ‘अंधाराच्या बाई’ म्हणतात. दवाखान्यात मात्र ती सगळ्यांची ताई, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्यांचीही.

ती इथे लागली ती आया म्हणून. फरशी पुसायची, बाटल्या धुवायच्या, नंबर पुकारायचे. मशीन आले तेव्हा ते कोणी चालवायचे असा प्रश्न निघाला. सिस्टर म्हणाल्या, मला अंधारात डोके दुखते. कंपाउंडर म्हणाला, मला अंधारात झोप येते. ताई काहीच म्हणाली नाही, म्हणून काम तिच्या गळ्यात पडले. मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरने तासभर समजावून सांगितले की फोटो वाचायला इथे डॉक्टर लागणार नाही, आतली कृत्रिम बुद्धिमत्ताच तो वाचून निकाल देईल. ताईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे चुकलं तर ओरडायचं कुणावर?” इंजिनियर हसला.

काम तसे सोपे आहे. मधुमेहाचा पेशंट आला की त्याला आधी बाकावर अंधारात बसवायचे. थोड्या वेळाने बाहुली आपोआप मोठी होते. मग हनुवटी टेकवून एका डोळ्याचा फोटो, पुन्हा थोडे थांबून दुसऱ्याचा. फोटो काढताना डोळ्यात लख्खकन प्रकाश पडतो. मशीनच्या पडद्यावर हिरवी पट्टी आली तर वर्षाने या. लाल आली तर शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात दाखवा. पिवळी आली तर फोटो नीट नाही, पुन्हा काढा. मशीन कारण सांगत नाही, समजूत काढत नाही, ‘बसा’सुद्धा म्हणत नाही. म्हणून ताईने त्याचे नाव ‘साहेब’ ठेवले.

“साहेबांना पसंत नाही,” पिवळी पट्टी आली की ती म्हणते. “पुन्हा टेका हनुवटी. आणि श्वास सोडा हो, लग्नाचा फोटो नाही काढत आपण.”

केसपेपर काढायचे माझे टेबल दाराच्या पडद्याच्या अलीकडेच आहे, त्यामुळे आतले बोलणे मला ऐकू येते. अंधारात माणसे मोकळेपणाने बोलतात. समोरच्याचे तोंड दिसत नाही आणि आपलेही कोणाला दिसत नाही, म्हणून असेल.

“पाय आत घ्या ना काका, मी आपटले असते आत्ता.”

“कुणाचा पाय आहे ते बघून तरी बोला.”

“बघायला दिसतंय कुठं? म्हणून तर इथं आलेय.”

फोटो काढण्याचे ताईला श्रम नाहीत. खरे श्रम लाल पट्टी आल्यावर सुरू होतात. इस्पितळ शहरात, बसने दोन-अडीच तासांच्या वाटेवर. तिथे डोळ्यात थेंब घालतात, मग संध्याकाळपर्यंत धूसर दिसते, म्हणजे सोबत माणूस हवा. एकाचा नव्हे, दोघांचा दिवस मोडतो. ताई प्रत्येकाला हे सगळे सांगते. समजावते, दटावते, कधी हात जोडते. माणसे मान हलवतात, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतात आणि जात नाहीत. दोन-तीन महिन्यांनी तीच माणसे परत बाकावर येऊन बसतात.

पुन्हा येतात याचे ताईला सुरुवातीला समाधान होते. निदान काळजी तरी घेतात, असे ती म्हणे. हळूहळू तिचा आवाज बसत गेला. दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली की उजेडाने डोळे मिटून घेई आणि भिंतीला टेकून उभी राही.

“दमलात ताई?” मी विचारायचो.

“दमायला काय, बसूनच तर असते,” ती म्हणायची. “बोलून बोलून घसा गेला. साहेबांचं बरं आहे, लाल करतात आणि गप्प बसतात.”

परत येणाऱ्यांत तिचा सख्खा भाऊही होता.

दादा शिंपी. नवरा गेल्यावर ताई दादाकडे राहायला आली. वहिनी गेल्यावर दादाच ताईकडे राहतो असे म्हणायची वेळ आली. घर तेच. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्या मागे शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, आणि खिळ्याला टांगलेली माप घ्यायची टेप. दादाला मधुमेह जुना. पहिल्याच तपासणीत त्याच्या दोन्ही डोळ्यांना लाल पट्टी आली. तो म्हणाला, “सुईत दोरा ओवतो मी अजून, चष्म्याशिवाय. तुझ्या साहेबाला ओवायला सांग.” पण दोन महिन्यांनी आपण होऊन आला आणि अंधारात बसून फोटो काढून गेला. पुन्हा लाल. पुन्हा दोन महिन्यांनी आला. ताईला वाटले, आतून घाबरलाय, एक दिवस जाईल.

कोडे सुटले ते एका सकाळी. आत इस्त्रीवाला आणि एक नवी बाई बसली होती. बाई पहिल्यांदाच आलेली, आवाजावरून घाबरलेली. ताई पडद्याशी उभी राहून पुढच्या पेशंटला हाक मारणार होती.

“दुखतं का हो?” बाईने विचारले.

“छे! मी चौथ्यांदा घेतोय,” इस्त्रीवाला म्हणाला. “लख्खकन उजेड मारतात, झालं. ते आपले म्हातारे पोस्टमन आहेत ना, ते शहरात जाऊन असाच उजेड मारून आले. डोळे जाता जाता राहिले त्यांचे. तोच उजेड आता इथं आलाय.”

“तोच?”

“मग? तिकडं जायचं म्हणजे दिवस जातो. इथं चहा निवायच्या आत होतं. या अंधाराच्या बाई उगाच तिकडं जा म्हणतात, त्यांना वरून तसं सांगायला लावलेलं असतं.”

ताईने हाक मारली नाही. पडदा धरून ती तशीच उभी राहिली. मग माझ्या टेबलाशी येऊन बसली. दवाखान्याच्या वेळेत तिला पडद्याबाहेर खुर्चीवर बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पोस्टमन शहरात जाऊन आला होता ही गोष्ट खरी. त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या नसा फुटल्या होत्या, रक्त पाझरायला लागले होते. तिथे लेसर मारून ते थांबवले. परत आल्यावर त्याने दारोदार सांगितले की डोळ्यात उजेड मारला आणि नजर वाचली. जन्मभर घरोघरी पत्रे वाटलेला माणूस, त्याच्या सांगण्यावर कोण शंका घेणार? पुढे आमच्याकडे मशीन आले आणि तेही डोळ्यात उजेड मारू लागले. लोकांनी दोन्हींची सांगड घातली. यात कोणी मूर्खपणा केला असे मला म्हणवत नाही. एक उजेड लांब, एक जवळ. शहाणा माणूस जवळचाच घेणार. शिवाय अंधारातून बाहेर आले की दवाखान्याचे आवार कसे लख्ख, धुतल्यासारखे दिसते. गुण आल्याचा पुरावा तिथल्या तिथे मिळत होता.

ताई टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणजे मी इतके दिवस त्यांना न जाण्याचं औषध देत होते.”

नंतरचे मला तिने पुढच्या काही दिवसांत तुकड्या-तुकड्याने सांगितले.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा दादा काज करत बसला होता. तिने चपलाही काढल्या नाहीत.

“दादा, यापुढे तुझा फोटो काढणार नाही मी.”

“का? बिघडलं का मशीन?”

“मशीन धड आहे. तू उजेड घ्यायला येतोस ना?”

“मग काय तुझं तोंड बघायला येतो? ते घरी दिसतं.”

“त्या उजेडानं काही होत नाही. तो नुसता फोटो काढायचा उजेड आहे.”

“अगं, मला फरक पडतो. बाहेर आलो की सगळं लख्ख दिसतं.”

“अंधारातून बाहेर आलं की कुणालाही लख्ख दिसतं. शेळीलाही दिसेल.”

“मग मला शेळी म्हण, पण उजेड दे.”

ताईने पिशवी खाली ठेवली. “गिऱ्हाइकाचं माप घेतलंस की शर्ट शिवून होतो का रे?”

दादा हसला. “होत नाही. पण माप देऊन गिऱ्हाईक कसल्या ऐटीत बाहेर पडतं, ते बघ एकदा. शर्ट अंगात घातल्यासारखं.” मग तो हसायचा थांबला. हातातले काज पुरे केले, दोरा दाताने तोडला. “पोस्टमनचं काय केलं मग तिकडं?”

“पोस्टमनचं तिकडं शिवलं. इथं फक्त माप घेतात. तुझं माप घेऊन घेऊन टेप झिजली, दादा.”

“बघू,” तो म्हणाला. “शाळा उघडायच्यात. गणवेश पडलेत.”

गणवेश दरवर्षीच पडलेले असतात. ताईने आणखी ताणले नाही. तिच्यात तेवढे त्राणच नव्हते. दिवसभर परक्यांना हात जोडायचे आणि संध्याकाळी घरच्याला. कुठेतरी ते कमी पडणारच.

शाळा उघडल्या, गणवेश गेले. एका सुट्टीच्या दिवशी दादा पांढऱ्या शर्टाची कॉलर बसवत होता आणि सारखा कापडावरून काहीतरी चिमटीत उचलून टाकत होता.

“हा काळा दोरा बघ,” तो वैतागून म्हणाला. “चिकटून बसलाय. काढला की बाजूला सरकतो.”

ताईने कापड हातात घेतले. कापड स्वच्छ होते.

तिने विचारले, “डावा डोळा मीट. आहे का दोरा?”

“नाही.”

“आता उजवा मीट.”

दादाने तिच्या हातातले कापड ओढून जवळ घेतले. मग म्हणाला, “आहे. एक नाही, गुंताच आहे.”

डोळ्यात रक्त उतरायला लागले की असे दोरे दिसतात, हे ताईला आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी कधीतरी सांगितले होते. डावा डोळा हातचा जात होता. उजव्यालाही लाल पट्टीच होती, आणि सुई ओवणारा डोळा आता तोच. तिने उद्याच्या उद्या शहरात जायचे म्हणून सांगितले. दादा म्हणाला, परवा बघू. तिने आवाज चढवला. दादाने शर्टाची घडी केली आणि तो बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद व्हायच्या वेळी तो आला. बाक रिकामा झाला होता. मी कपाटाला कुलूप लावत होतो.

“एकदाच मार उजेड,” तो पडद्याशी उभा राहून म्हणाला. “एवढा दोरा जाऊ दे, मग तू म्हणशील तिथं येतो.”

मला वाटले, ताई आता फाडकन बोलेल. पण तिने पडदा बाजूला केला. “बस आत.”

तो बाकावर बसला. तीही शेजारी बसली. मशीन तिने चालू केले नाही. आत पूर्ण शांतता होती. मी निघायला हवे होते, पण कुलपाची किल्ली वाजेल म्हणून तसाच थांबलो.

“लाव ना,” दादा म्हणाला.

“बाहुली मोठी होऊ दे. घाई काय आहे?”

मग दादा वेगळ्याच आवाजात बोलू लागला.

“बाबांचे डोळे गेले तेव्हा तू लहान होतीस. बाजारात मी न्यायचो त्यांना. हात धरून.”

“आठवतंय थोडं.”

“लोक भेटायचे. मला विचारायचे, ‘कसे आहेत रे बाबा? जेवतात का?’ बाबा माझ्या शेजारी उभे. त्यांना ऐकू येत होतं. जीभ होती. पण एकानं त्यांना विचारलं नाही कधी. मलाच विचारायचे. आणि मीही सांगायचो, ‘जेवतात, बरे आहेत.’ बाबा माझा हात दाबायचे. तेव्हा मला कळायचं नाही, का दाबतात.”

दादाने घसा खाकरला.

“तिकडं थेंब घालतात म्हणे,” दादा म्हणाला. “मग येताना दिसत नाही. तू हात धरून आणणार मला. स्टँडवरून, बाजारातून. लोक तुला विचारतील, दादा कसे आहेत.”

“एका संध्याकाळपुरतं आहे रे ते.”

“सुरुवात असते ती.”

“सुरुवात झालीये,” ताई म्हणाली. “दोरे कुणाला दिसतात, मला का तुला?” आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. “दादा, मी दमले. खरंच दमले. दिवसभर लोकांना सांगते जा, जा, जा. एकही जात नाही. तू तरी जा. माझ्यासाठी म्हणून जा, हवं तर.”

बाक करकरला. दादा उठला असावा.

“मशीन लावणारच नव्हतीस ना तू?”

“नाही.”

“लबाड,” तो म्हणाला. “पहाटेची बस कितीला असते?”

इस्पितळात ताईने पाहिले ते असे: एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, तिथून तिसऱ्या. सगळीकडे बाकडी आणि बाकड्यांवर डोळे मिटून बसलेली माणसे. डाव्या डोळ्यात रक्त भरले होते. ते ओसरते का हे थांबून बघायचे, नाहीतर ऑपरेशन. नजर कितपत परत येईल हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले नाही, आणि न सांगण्यातून जे कळायचे ते कळले. उजव्या डोळ्याला मात्र त्याच दिवशी लेसर दिले. आणखी काही वेळा यावे लागणार होते.

दादा बाहेर आला तो गाल पुसत. “तोच उजेड नाही हा,” एवढेच म्हणाला. “हा टोचतो. टाका घातल्यासारखा. एकामागे एक, एकामागे एक.”

परतीच्या बसमध्ये ताईने त्याला खिडकीपाशी बसवले. स्टँड आला की उठवायचे, स्टँडबाहेर हात धरायचा, बाजार टाळून मागच्या गल्लीने न्यायचे, असे तिने मनात ठरवले होते. बस निघाली आणि तिचा डोळा लागला. पहाटेपासूनची धावपळ, त्याआधीची इतक्या महिन्यांची बोलाबोली, सगळे एकदम अंगावर आले. कोणी हलवले तेव्हा बस उभी होती.

“ऊठ,” दादा म्हणाला. “आलं आपलं.”

ती दचकली. बाहेर दिवे लागले होते. दादाचा एक डोळा आधीच गढूळ, दुसऱ्यात थेंब. त्याला खिडकीबाहेर उजेडाच्या धब्ब्यांपलीकडे काही दिसत नव्हते.

“तुला कसं कळलं?”

“विचारलं कंडक्टरला. दर थांब्याला विचारलं. शेवटी तो वैतागला, म्हणाला, काका, आलं की मीच सांगतो, आता गप्प बसा. तू काय घोरत होतीस!”

“मी घोरत नाही.”

“बरं. मग ती बस असेल.”

मागची गल्ली राहूनच गेली. झोपेच्या गुंगीत ताई नेहमीच्या पायवाटेने चालत सुटली आणि बाजारात आल्यावर तिच्या ध्यानात आले. दादाचा हात तिच्या कोपरात होता. कोण कोणाच्या आधाराने चालले होते हे सांगणे अवघड होते, असे तीच मला म्हणाली.

किराणावाल्याने दुकानातून हाक मारली. “ताई! काय म्हणाले डॉक्टर? दादांचं कसं काय?”

ताईच्या कोपराला दाब जाणवला. नुसती बोटे आवळली होती. ती थांबली.

“हा काय उभा आहे,” ती म्हणाली. “त्यालाच विचारा.”

किराणावाला जरा ओशाळला. “तसं नाही… दादा, कसं काय?”

दादाने चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला. थोडा चुकला, तेलाच्या डब्यांकडे बघून बोलू लागला.

“डावा गेल्यात जमा आहे. उजव्याला टाके घातलेत उजेडाचे, तो राहील म्हणतात. आणि ऐक, तुझी पट्टी लाल आली होती ना? तूही मारून घेतोस ना दर दोन महिन्यांनी? ते माप आहे रे नुसतं. इथं माप घेतात. शिवून तिकडं देतात. मी जन्मभर मापं घेतली आणि मलाच कळलं नाही. आता बस सांगतो तुला कुठून मिळते…”

तो सांगत राहिला. पलीकडच्या दुकानातला माणूसही येऊन उभा राहिला, मग भाजीवाली. दादा बसची वेळ सांगत होता, कुठल्या खिडकीशी आधी उभे राहायचे ते सांगत होता, थेंब घातल्यावर चष्मा लावून काही उपयोग नाही हेही सांगत होता. ताईला घरी जाऊन आडवे व्हायचे होते. तिचे पाय दुखत होते, पोटात सकाळपासून दोन चहांशिवाय काही नव्हते. हे सगळे ती स्वतः इतके महिने सांगत आली होती, जवळपास याच शब्दांत. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, दुकानाच्या पायरीला टेकली आणि त्याचे बोलणे संपायची वाट बघत राहिली.